असाध्य रोगाच्या उशाशी: सर विल्यम ऑस्लर

सर विल्यम ऑस्लर यांचा जन्म १२ जुलै १८४९ रोजी कॅनडात, एका अँग्लिकन मिशनरी पाळकाच्या घरी झाला. वडिलांप्रमाणे पाळकीय सेवा करावी या हेतूने त्यांनी १८६७ साली टोरांटोच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश घेतला. परंतु पुढच्याच वर्षी त्यांनी वैद्यकाची वाट धरली. १८७२ साली ते मॉन्ट्रियल येथे डॉक्टर झाले.

तेथील रुग्णालयात शवविच्छेदन करताना एका घातक व्याधीने त्यांचे लक्ष वेधले. रक्तात शिरलेले जंतू हृदयाच्या झडपांवर, विशेषतः आधीच बिघडलेल्या झडपांवर, ठाण मांडतात. तेथे वाढलेल्या थरांचे कण सुटून मेंदूत वा मूत्रपिंडात अडकतात. बाहेरून मात्र पुष्कळदा दिसतो तो केवळ न हटणारा ताप. त्यामुळे विषमज्वर किंवा हिवताप असल्याचा भ्रम होई. १८८५ साली लंडन येथे दिलेल्या गल्स्टनियन व्याख्यानांत ऑस्लर यांनी या रोगाचे सुसंगत चित्र वैद्यकविश्वापुढे मांडले.

उपाय मात्र त्यांच्या हाती नव्हता. तरीही त्यांनी पाठ फिरविली नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात व १९०५ पासून ऑक्सफर्डमध्ये ते विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खाटेजवळ नेऊन शिकवीत राहिले. १९०९ साली त्यांनी याच रोगाच्या महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या प्रकारावर निबंध लिहिला. बोटांच्या टोकांवर उठणाऱ्या ज्या दुखऱ्या गाठींकडे त्यांनी लक्ष वेधले, त्या आजही त्यांच्या नावाने ओळखल्या जातात.

१९१७ साली त्यांचा पुत्र रेव्हिअर महायुद्धात बेल्जियममध्ये मरण पावला. त्या दुःखातून ते पूर्णपणे सावरले नाहीत. २९ डिसेंबर १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. पेनिसिलिनने हा हृदयरोग बरा होऊ लागला तो १९४० च्या दशकात. ज्याचे पीक दुसऱ्यांनी कापले, त्याची पेरणी ऑस्लर यांनी केली होती.

आपल्या देशात सांधेज्वराने झडपा बिघडलेले रुग्ण आजही पुष्कळ आहेत. अशांनी दीर्घकाळ टिकणारा ताप अंगावर काढू नये, दातांची निगा राखावी आणि दंतवैद्यास आपला हृदयविकार आधीच सांगावा.

ऑस्लर यांनी व्यासपीठाचा मार्ग सोडला. परंतु ज्याला आपण बरे करू शकत नाही त्याच्याही उशाशी विश्वासूपणे बसणे, हेही पाचारणच नव्हे काय?