धर्मांतरानंतर जी बायको दुरावली, तिनंच पुढं टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ लिहिलं

कसबा पेठ म्हटलं की पुण्याचं ग्रामदैवत असलेला कसबा गणपती आठवतो. पण याच पेठेत ब्रदर देशपांडे मेमोरियल चर्चही आहे. मराठी चर्चमधून जी गीतं गायली जातात, त्यातली कितीतरी एकाच माणसाची आहेत. आडनाव टिळक. लोकमान्य नव्हे, रेव्हरंड नारायण वामन टिळक.

जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचं. कविता, कीर्तन, संस्कृत यात रमलेला हा माणूस एकदा नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाला होता. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा रंगल्या आणि उतरताना त्यांनी बायबल हातात ठेवलं. ते गृहस्थ कोण होते, हे टिळकांना पुढं कधीच कळलं नाही.

पुस्तक मात्र वाचलं गेलं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी याची किंमत काय होती? नातलग तुटले, जात गेली. पत्नी लक्ष्मीबाईंना तर काहीच कल्पना नव्हती. लहान मुलाला घेऊन त्या काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. नंतर परतल्या, पण सोवळं-ओवळं सांभाळूनच. ते हळूहळू गळत गेलं आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी धर्म बदलला, पण तुकोबांना सोडलं नाही. तुकोबांच्याच वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. म्हणून ख्रिस्त त्यांनी अभंगात आणला, कीर्तनात उभा केला. तसं १६१६ मध्येच गोव्यात फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीतून ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं होतं. पण टिळकांच्या काळातल्या चर्चला परदेशी चालींची सवय झालेली. तिथं अभंग म्हणायचे, हे धाडसच होतं.

मग त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतलं. ख्रिस्ताची अख्खी कथा ओव्यांमध्ये. सुरुवातीचे अध्याय झाले आणि ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक गेले. मेलेले पुन्हा उठतील या श्रद्धेपोटी ख्रिस्ती लोक तेव्हा दफनच करत. टिळकांचं मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झालं. अस्थी अहमदनगरला नेल्या.

क्रूस, रिकामी कबर, पुनरुत्थान, हे सगळं लिहायचं राहूनच गेलं होतं.

ते काम लक्ष्मीबाईंनी उचललं. शाळेचं शिक्षण जवळजवळ नाहीच. ज्या श्रद्धेपायी संसार मोडायची वेळ आली, तीच कथा आता त्या ओव्यांत बांधत होत्या. ‘स्मृतिचित्रे’मुळं त्यांना सगळे ओळखतात, पण ‘ख्रिस्तायना’चे ६४ अध्याय त्यांचे आहेत, हे फारसं कुणाला माहीत नसतं. १९३६ मध्ये त्याही गेल्या. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी लिहिला आणि १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ छापून आलं.