लिहिलंय कुठे?

बाप्तिस्मा घेतला, पण प्रश्न विचारणं सोडलं नाही. पंडिता रमाबाईंची, शाळेच्या धड्यात न आलेली गोष्ट.

अंबरनाथ पश्चिमेला माझी एक मैत्रीण राहते. मराठी ख्रिस्ती कुटुंबातली. मध्यंतरी तिच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. सुटाबुटातला एक प्रचारक तावातावानं सांगत होता, की ज्याचा विश्वास पक्का त्याला आजार शिवत नाही, आणि गोळ्या घेणं म्हणजे देवावर शंका घेणं. मैत्रिणीच्या मावशीनं ते मनावर घेतलं. शुगरच्या गोळ्या बंद. आठवडाभरात मावशी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली.

घरात रडारड झाली, आरडाओरडा झाला. आजी मात्र काही बोलली नाही. मावशी जरा सावरल्यावर तिनं जाड भिंगाचा चष्मा लावला, पवित्र शास्त्र मांडीवर घेतलं आणि मावशीला एवढंच विचारलं, की हे यात कुठे लिहिलंय ते दाखव. मावशीला काही दाखवता आलं नाही. उलट आजीनंच तिला दाखवलं, की पौलानं आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटाच्या त्रासासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंय. आणि ज्या लूकच्या नावानं एक शुभवर्तमान आहे, तो तर वैद्यच होता.

पेपरच्या डेस्कवर आम्हा इंटर्न मंडळींना रोज ऐकावा लागणारा पहिला प्रश्न म्हणजे सोर्स काय? आजीनं तोच प्रश्न विचारला होता. हा प्रश्न तिच्याही आधी, सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी, एका मराठी बाईनं थेट इंग्लंडच्या चर्चला विचारला होता. तिचं नाव पंडिता रमाबाई. शाळेत आपण त्यांना दोन मार्कांपुरतं वाचलंय : विधवांसाठी काम, शारदा सदन, विषय संपला. खरी गोष्ट त्याच्या बरीच पुढे जाते.

वाचल्याशिवाय मानायचं नाही

रमाचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांच्यावर जातभाई तुटून पडले होते. पण ते मागे हटले नाहीत, स्त्रीला शिकवण्यात काही गैर नाही हे त्यांनी विद्वानांपुढे ग्रंथांच्या आधारानं मांडलं. रमाचं संस्कृत झालं ते आईच्या तोंडून. पुढे कुटुंब पुराण सांगत तीर्थामागून तीर्थ फिरत राहिलं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागोमाग गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास दोघंच उरले. दोघांनी पायी पायी देश पालथा घातला आणि 1878 मध्ये कलकत्ता गाठलं.

वीस वर्षांची मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते, हजारो श्लोक पाठ म्हणते, हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तिथेच ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी तिच्या हातात वेदाची प्रत ठेवली आणि वाचायला सांगितलं. बायकांनी वेद वाचायचा नाही, हे तोवर तिनंही मानलेलं होतं. मग तिनं वेद वाचला आणि धर्मशास्त्रंही वाचली. बाकी शंभर बाबतींत एकमेकांशी भांडणारी ही शास्त्रं बाईला आणि शूद्राला खालचं ठरवताना मात्र एक होतात, असं तिला दिसलं. तिचा जुना विश्वास हलला तो असा, स्वतः पानं उलटून.

1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमानं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, भाषाही वेगळी. 1881 मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी 1882 मध्ये कॉलऱ्यानं नवरा गेला. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई विधवा झाल्या. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. त्याच पुस्तकाच्या पैशातून 1883 मध्ये इंग्लंडचं तिकीट काढलं. डॉक्टर व्हायचं होतं.

वाँटेजमधली भांडणं

ऐकायला कमी येत असल्यामुळे डॉक्टरकीचं स्वप्न तिथे बारगळलं. त्या वाँटेज गावात सेंट मेरीच्या सिस्टर्सच्या मठात राहत होत्या. याच सिस्टर्सचं पुण्यातही काम होतं. लंडनमधल्या फुलॅमला त्यांचं एक केंद्र होतं. समाजानं वाईट चालीच्या म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे माणूस म्हणून वागवत होते. रमाबाईंनी ते पाहिलं. शोमरोनी बाईशी येशू विहिरीवर बोलतो, ती योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्टही वाचली. इथे काहीतरी वेगळं आहे असं त्यांना वाटलं. 29 सप्टेंबर 1883 ला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथे गोष्ट संपेल असं त्यांच्या शिक्षिकांना वाटलं होतं. झालं उलटंच. आता रमाबाईंनी बायबल उघडलं आणि चर्च जे जे शिकवतं ते ते त्यात शोधायला सुरुवात केली. अथनेशियसच्या नावानं चालणारा मतांगीकार चर्चमध्ये म्हटला जायचा, त्यात त्रैक्याचा सिद्धान्त काटेकोर शब्दांत बांधलेला आहे आणि तो न मानणाऱ्याचं तारण नाही असंही सांगितलेलं आहे. हे शब्द शास्त्रात कुठे आहेत, असा रमाबाईंचा सवाल. येशूचं देवत्व, कुमारीपासूनचा जन्म, बिशपचा अधिकार, प्रत्येक ठिकाणी त्यांनी हेच विचारलं. एका पुरोहितशाहीतून सुटून आलेय ती दुसरीत मान अडकवायला नाही, असा त्यांचा सूर होता.

सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांना हा गर्व वाटला. पत्रांवर पत्रं गेली. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, मला आणि माझ्या लोकांना कळणारं संस्कृत का नाही, यावरून वाद झाला. अंडं घातलेलं पुडिंग रमाबाई खात नाहीत, त्यावरून झाला. छोट्या मनोरमेला धर्मातलं काय शिकवायचं आणि ते कुणी ठरवायचं, यावरून तर फारच झाला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात रमाबाई शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये, असं हिंदुस्थानातल्या बिशपांनी कळवलं. रमाबाईंना ते अजिबात पटलं नाही. कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांनी मात्र त्यांच्या शंका शांतपणे ऐकून घेतल्या.

जरा विचार करा. वय पंचवीस-सव्वीस, परका देश, पदरात लहान मुलगी, जवळ पैसा नाही. डोक्यावरचं छप्पर आणि ताटातलं अन्न ज्यांचं, त्यांनाच या बाई रोज नाही म्हणत होत्या. आपण सरांसमोर हात वर करायलाही दहादा विचार करतो!

चर्चचं म्हणणं काय होतं?

एकाच बाजूनं लिहिलं तर आमचे सर कॉपी परत पाठवतात, म्हणून हेही. चर्चचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. प्रत्येक जण पुस्तक उघडून आपापला अर्थ काढू लागला तर हवं ते सिद्ध करता येतं. ते रोखण्यासाठीच तर शतकानुशतकं वाद घालून हे मतांगीकार तयार झाले होते. सिस्टर जेराल्डिनच्या नजरेतून पाहिलं तर कालपरवा बाप्तिस्मा घेतलेली बाई दीड हजार वर्षांचं शिक्षण मोडीत काढत होती. त्यांच्या लेखी खोट्या शिकवणीकडे घसरत होत्या त्या रमाबाईच. शिवाय आजचा तो व्हिडिओवाला प्रचारकही हातात बायबल धरूनच बोलतो की.

मग फरक कुठे आहे? मला तो रमाबाईंच्या पुढच्या आयुष्यात सापडला. एक ओळ उचलून त्यांनी काम भागवलं नाही, त्या वाचत राहिल्या आणि स्वतःलाही तपासत राहिल्या. 1891 च्या सुमाराला त्यांनीच कबूल केलं, की आपण ख्रिस्ती धर्म घेतला खरा, पण आठ वर्षं होऊनही ख्रिस्तापर्यंत पोचलोच नव्हतो. इंग्लंडातल्या काही शंका पुढे मावळल्या, येशूच्या देवत्वाची शंकाही त्यात होती. पण कुणी दटावलं म्हणून नाही, वाचता वाचता. ज्यांच्याशी इतकी भांडणं झाली त्या सिस्टर जेराल्डिननीच ही सगळी पत्रं जपून ठेवली. 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती पुस्तकरूपात आणली.

दोन्हीकडून राग

1886 मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त आपल्या जवळचं आहे. फिलाडेल्फियात डॉक्टर होणाऱ्या आनंदीबाई जोशी त्यांच्या नात्यातल्या, आणि आनंदीबाईंचं माहेर कल्याणचं, अंबरनाथहून तिसरं स्टेशन. त्यांच्या पदवीदानाला रमाबाई हजर होत्या. पुढे अमेरिकेत भाषणं करून, पुस्तक लिहून त्यांनी पैसा उभा केला आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन उघडलं. दुसऱ्याच वर्षी ते पुण्याला हललं.

सदनात धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली आपणहून येऊन बसायच्या आणि त्या त्यांना हुसकावून लावत नसत. 1893 मध्ये यावरून गदारोळ उठला. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. म्हणजे चर्चला त्या पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या आणि पुण्याला जास्तच ख्रिस्ती वाटत होत्या. प्रार्थना दार लावून केली असती तर प्रकरण मिटलं असतं. त्यांनी दार उघडंच ठेवलं.

1896 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. स्वतःचे आईवडील दुष्काळात गेलेल्या बाईला तिथे काय दिसलं असेल, हे वेगळं सांगायला नको. पुण्याच्या पुढे केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. शतक बदलताना तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली होती. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, शाळा, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या.

खिळे जुळवणाऱ्या मुली

आता मूळ प्रश्न पुन्हा समोर आला. लिहिलंय कुठे, हे विचारायचं तर लिहिलेलं वाचता यायला हवं, आणि ते कळायला हवं. मराठीत बायबल तेव्हाही होतंच. पण रमाबाईंच्या मते त्याची भाषा संस्कृतानं जड झालेली होती. काही शब्दांना आधीच दुसऱ्या तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेला होता. केडगावच्या शेतात राबणाऱ्या बाईला ते कुणीतरी समजावून सांगावं लागायचं. म्हणजे पुन्हा मध्ये एक पुरोहित आलाच!

म्हणून पन्नाशीकडे झुकताना या संस्कृत पंडितेनं हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं आणि मूळ भाषांवरून सोप्या मराठीत अख्खं बायबल आणायचं काम अंगावर घेतलं. ज्या संस्कृतानं त्यांना नाव दिलं, तेच त्यांनी शक्य तिथे बाजूला ठेवलं. काम जवळजवळ दीड तप चाललं. कान आणखी अधू झाले, तब्येत ढासळली. मजकूर छापला जायचा मुक्तीच्याच छापखान्यात. दुष्काळातून आलेल्या, तिथेच अक्षर गिरवलेल्या मुली खिळे जुळवायच्या.

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. आईच्या पश्चात संस्था तीच बघणार होती. चाळीस वर्षांची होती. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ते काम उरकलं आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. त्यांचं संपूर्ण मराठी बायबल छापून झालं 1924 मध्ये. त्यांनी स्वतः ते बांधलेलं पाहिलं नाही.

केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. जायचं असेल तर कल्याणहून पुणे आणि पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी, वाटेत केडगाव स्टेशन लागतं.

मैत्रिणीच्या मावशीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात. मावशीचा विश्वास गेलेला नाही, दर रविवारी उपासनेलाही जाते. फक्त आता ग्रुपवर असला काही व्हिडिओ आला, की ती तो पुढे पाठवत नाही. आधी आजीकडे जाते, आणि दोघी मिळून पानं उलटत बसतात.