वाचेचे स्थान शोधणारे पॉल ब्रोका

फ्रान्समधील सेंत-फ्वा-ला-ग्रांद या गावी २८ जून १८२४ रोजी एका डॉक्टरांच्या घरी पॉल ब्रोका यांचा जन्म झाला. पॅरिसमध्ये शिकून ते नामांकित शस्त्रवैद्य झाले. वाचेला मेंदूत निश्चित स्थान आहे काय, याविषयी त्या काळी विद्वानांत मोठा वाद चालू होता.

एप्रिल १८६१ मध्ये बिसेत्र येथील रुग्णालयात लबोर्न नावाचा ५१ वर्षांचा रोगी पायाच्या दुखण्यामुळे त्यांच्याकडे आला. त्याच्या मुखातून 'तां' याखेरीज सहसा काही निघत नसे. म्हणून सारे त्याला त्याच नावाने ओळखीत. ब्रोका यांनी मात्र त्याला मूढ मानले नाही. येथे किती वर्षे आहेस, असे त्यांनी विचारताच त्याने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखविले. २१ वर्षे! उत्तर बरोबर होते. थोड्याच दिवसांत, १७ एप्रिलला, तो वारला. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढील भाग बिघडलेला आढळला. तशाच इतर रोग्यांना तपासून १८६५ साली ब्रोका यांनी वाचेचे काम बहुधा डावा मेंदू करतो, असे प्रतिपादिले.

कवट्या मोजून मानववंशांत उच्चनीच ठरविण्याचा त्यांचा खटाटोप पुढे चुकीचा ठरला. वाचेचा शोध मात्र टिकला. ९ जुलै १८८० रोजी ते निवर्तले.

शब्द समजण्याचे स्थान मेंदूत मागे आहे, असे १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी दाखविले. मग बोलविणारी केंद्रे ऐकताना स्वस्थ असतात काय? २००९ साली इटलीत झालेल्या प्रयोगात ओठ हलविणारे केंद्र चेतविले असता गोंगाटातही 'प', 'ब' लवकर ओळखू आले. जिभेचे चेतविले असता 'त', 'द'. तरी लबोर्नसारख्यांना बोलता न येताही समजते. म्हणून ही केंद्रे ऐकण्यास किती साहाय्य करतात, याविषयी मतभेद आहेत.

'चार' आणि 'चाक' म्हणून पाहा. पहिल्या 'च'ला जीभ टाळूस लागते, दुसऱ्याला दातांच्या मुळाशी. गुजरातीत हा दुसरा 'च' नाही. म्हणून सुरतेच्या मुलांची जीभ येथे अडखळते, हे आम्ही वर्गात नित्य पाहतो. विद्यार्थ्यांनो, ज्याची जीभ अडखळते त्याला मंद समजू नका. ब्रोका यांच्याप्रमाणे त्याला प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी थांबा.