हॅरी रिकार्डो

सर हॅरी राल्फ रिकार्डो (२६ जानेवारी, १८८५ – १८ मे, १९७४) हे ब्रिटिश यंत्र अभियंता होते. अंतर्ज्वलन इंजिनातील ज्वलनक्रिया आणि इंधनाची गुणवत्ता यांवरील संशोधनासाठी ते ओळखले जातात. इंजिनाची ताकद केवळ त्याच्या रचनेवर नव्हे, तर इंधनाच्या निवडीवरही अवलंबून असते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले.

सुरुवातीचे जीवन

रिकार्डो यांचा जन्म लंडन येथे झाला. त्यांचे वडील हॅल्सी रिकार्डो वास्तुविशारद होते. आईचे वडील सर अलेक्झांडर मेडोज रेंडेल स्थापत्य अभियंता होते. सिंधू नदीवरील सक्कर येथील लॅन्सडाउन पुलाचा आराखडा त्यांचाच. रिकार्डो यांचे शिक्षण रग्बी शाळेत व केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात झाले. १९०४ साली विद्यापीठातील एका स्पर्धेत त्यांनी स्वतः बनवलेली मोटारसायकल सुमारे १.१ लिटर पेट्रोलवर ६४ किलोमीटर चालवून विजय मिळवला. त्यानंतर प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी त्यांना इंजिन-संशोधनाकडे वळवले.

पहिले महायुद्ध

ब्रिटिश रणगाड्यांच्या सुरुवातीच्या इंजिनांतून दाट धूर निघे आणि शत्रूला त्यांचा ठावठिकाणा कळत असे. रिकार्डो यांनी १९१७ मध्ये धूर न सोडणारे १५० अश्वशक्तीचे नवे इंजिन तयार केले. ते ‘मार्क पाच’ रणगाड्यात बसवण्यात आले. उत्तम पेट्रोल विमानांसाठी राखून ठेवलेले असल्याने हे इंजिन हलक्या प्रतीच्या इंधनावर चालवावे लागे. इंधनाची प्रत इंजिनाला कशी मर्यादा घालते, हे या कामातून स्पष्ट झाले.

इंधनावरील संशोधन

संपीडन गुणोत्तर वाढवले की इंजिनाची शक्ती व कार्यक्षमता वाढते. मात्र एका मर्यादेपलीकडे इंजिनातून ठोके ऐकू येतात (नॉकिंग). ज्योत पोहोचण्यापूर्वीच सिलिंडरमधील उरलेले मिश्रण दाब व उष्णतेमुळे आपोआप पेटते, हे त्याचे कारण रिकार्डो यांनी स्पष्ट केले. शोरहॅम येथील प्रयोगशाळेत त्यांनी ‘ई३५’ हे इंजिन उभारले. त्याचे संपीडन गुणोत्तर चालू स्थितीतच बदलता येत असे. प्रत्येक इंधन कोणत्या गुणोत्तरापर्यंत ठोके न देता टिकते, याची त्यामुळे थेट तुलना करता आली.

त्या काळी पेट्रोलची प्रत मुख्यतः त्याच्या घनतेवरून ठरवली जाई. त्यामुळे बोर्निओचे जड पेट्रोल कमी प्रतीचे समजले जाई. परंतु त्यात टोल्युइनसारखी ॲरोमॅटिक संयुगे भरपूर असल्याने ते ठोक्यांना अधिक विरोध करते, असे चाचण्यांत दिसून आले. रिकार्डो यांनी इंधनांच्या तुलनेसाठी ‘टोल्युइन अंक’ वापरला. पुढे ऑक्टेन अंकाची पद्धत रूढ झाली.

शर्यतीची इंजिने

शर्यतीच्या इंजिनांसाठी अल्कोहोलयुक्त इंधने त्यांना विशेष उपयुक्त आढळली. बाष्पीभवन होताना अल्कोहोल पुष्कळ उष्णता शोषते. त्यामुळे आत येणारे मिश्रण थंड व दाट होते आणि अधिक संपीडन सहन करते. मात्र अल्कोहोलपासून पेट्रोलपेक्षा कमी ऊर्जा मिळत असल्याने इंधन जास्त खर्च होते. थोड्या अंतराच्या शर्यतीत ही उणीव जाणवत नाही. लांबच्या शर्यतीत मात्र टाकीचे वजन व थांबे यांचा विचार करावा लागतो. रिकार्डो यांनी १९२०च्या दशकाच्या प्रारंभी ट्रायम्फ मोटारसायकलचे चार झडपांचे इंजिन आणि १९२२च्या वॉक्सहॉल शर्यती मोटारीचे इंजिन तयार केले.

उत्तरायुष्य व वारसा

१९२९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. डिझेल इंजिनांसाठी त्यांनी ‘कॉमेट’ ज्वलनकक्ष विकसित केला. १९४८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

इंधन व इंजिन यांचा मेळ घालण्याचा प्रश्न आजही कायम आहे. नागपुरात २०१४ मध्ये इथेनॉलवरील बसची चाचणी सुरू झाली. ठोक्यांना विरोध करणारा इथेनॉलचा गुण स्पार्क प्लगच्या इंजिनात उपयोगी पडतो. डिझेलच्या पद्धतीने केवळ दाबाने पेट घेणाऱ्या इंजिनात मात्र तोच अडचणीचा ठरतो. म्हणून अशा बसच्या इंजिनाचे संपीडन वाढवावे लागते आणि इथेनॉलमध्ये ज्वलनास मदत करणारे द्रव्य मिसळावे लागते.