आजचं चिंतन : आत्मविश्वास येतो कुठून?



गीतेचा दुसरा अध्याय सुरू आहे. अर्जुन अजून रथात बसूनच आहे. एक गोष्ट लक्षात घ्या, त्याची धनुर्विद्या कुठेही गेलेली नाही. काल येत होतं ते सगळं आजही येतंय. तरी हात थरथरतात, कारण आपण हे का करतोय, याबद्दलची त्याची खात्री हलली आहे. म्हणूनच भगवंत बाणांविषयी काही शिकवत नाहीत, ते आधी त्याची समज नीट करतात.

हेच आमच्या रत्नागिरीत जन्मलेल्या एका माणसाच्या आयुष्यात पाहू. लोकमान्य टिळक. जन्म २३ जुलै १८५६. टिळक आळीतलं ते घर आम्हां रत्नागिरीकरांना शाळेच्या सहलीपासून ठाऊक. पण सहलीत 'असंतोषाचे जनक' एवढंच डोक्यात राहतं, त्यांची गीता राहून जाते.

१८७२ साली वडील गंगाधरपंत शेवटच्या आजारात अंथरुणावर होते. सोळा वर्षांचा बाळ त्यांना गीतेवरची एक मराठी टीका वाचून दाखवायचा. वडील त्याच वर्षी गेले. मुलाच्या मनात मात्र एक प्रश्न राहिला. गीता जर ज्ञानाने किंवा भक्तीने मोक्ष मिळवायलाच सांगत असेल, तर ती लढायला नको म्हणणाऱ्या अर्जुनाला, ऐन रणांगणावर कशाला सांगितली? मोठमोठ्या आचार्यांची भाष्यं वाचली, तरी समाधान होईना. शेवटी सगळ्या टीका बाजूला ठेवून त्यांनी मूळ गीताच पुन्हा पुन्हा वाचली. उत्तर मिळालं ते असं : ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचं नाही, फळाची आसक्ती सोडून ते करत राहायचं.

हे उत्तर त्यांनी जगून पाहिलं. २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई हायकोर्टात त्यांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी बावन्न वर्षं पूर्ण होणार होती, अंगात मधुमेह होता. तरी त्यांनी शांतपणे सांगितलं की ज्यूरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे. वर आणखी मोठी शक्ती आहे, आणि कदाचित माझ्या सुटकेपेक्षा माझ्या सोसण्यानेच हे कार्य पुढे जावं, अशी तिची इच्छा असेल.

पुढे मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात, शिसपेन्सिलीने, त्यांनी 'गीतारहस्य' लिहून काढलं. सोळाव्या वर्षीच्या प्रश्नाला अडतीस वर्षांनी दिलेलं उत्तर! १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्याची बातमी त्यांना तिथेच कळली. १९१४ मध्ये सुटका झाली, पण हस्तलिखित सरकारने लगेच परत दिलं नाही. लोक हवालदिल झाले. टिळक मात्र निश्चिंत होते. वह्या त्यांच्याकडे असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, सिंहगडावर बसून पुन्हा लिहीन, असं ते म्हणाल्याचं सांगतात. वह्या परत आल्या, १९१५ मध्ये ग्रंथ छापला गेला.

बॅकअप नाही, आणि तरी माणूस शांत! आमच्या क्षेत्रात कुणाला हे पटेल का? पण विचार करा, अडतीस वर्षं घासून पाहिलेलं उत्तर वह्यांबरोबर जाईल कसं?

आपण आत्मविश्वास शोधतो तो अप्रेझलमध्ये, लाइक्समध्ये. तो दुसऱ्याच्या हातात असतो, कधीही काढून घेतला जातो. उसन्या श्रद्धेचंही तसंच. आजीने सांगितलं, रीलमध्ये ऐकलं, ते चांगलंच असेल. पण स्वतः तपासलं नसेल तर संकटात ते टिकेल याची खात्री नाही. आणि प्रश्न विचारला म्हणून श्रद्धा कमी होत नाही. टिळकांची तर प्रश्नातूनच पक्की झाली.

आजचा अभ्यास : आपण मानतो अशी एकच गोष्ट वहीत लिहा. खाली लिहा, ही मी नुसती ऐकलीय की स्वतः पडताळलीय? नुसती ऐकली असेल, तर आज दुसऱ्या अध्यायातले दहा श्लोक टीकेशिवाय, सावकाश वाचा.

श्रीकृष्णार्पणमस्तु.