पिस्तुलांचे कारागीर जॉन ब्राउनिंग

ठाण्याच्या कारागृहाचा जुना तट ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. मराठ्यांनीं १७३७ सालीं पोर्तुगीजांकडून घेतलेल्या या किल्ल्यांत ता. १९ एप्रिल १९१० रोजीं अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे या तीन तरुण देशभक्तांस फांशीं देण्यांत आलें. ता. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांजवर ज्या पिस्तुलानें गोळ्या झाडण्यांत आल्या, तें सावरकरांनीं लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर गुप्तपणें पाठविलेल्या वीस पिस्तुलांपैकीं एक होतें. त्यांस ब्राउनिंग पिस्तुलें म्हणत. हें नांव ज्यांचें, त्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म ता. २३ जानेवारी १८५५ रोजीं अमेरिकेंतील युटा प्रांतांत ऑग्डेन या गांवीं झाला. वडील जोनाथन हे बंदुका घडविणारे कारागीर. त्यांच्या दुकानांतील मोडक्या सामानांतून या मुलानें बालपणींच एक बंदूक जुळविली. शालेय शिक्षण बेताचेंच. परंतु हात व डोळा यांचें शिक्षण त्या दुकानांत अखंड चाललें होतें. १८७९ सालीं त्यांस पहिलें पेटंट मिळालें. आयुष्याच्या अखेरीस ही संख्या १२८ झाली.

गोळी सुटतांना नळीच्या तोंडाशीं निघणाऱ्या वायूच्या झोतानें भोवतालचें गवत वांकतें, हें शिकारी लोक नित्य पाहात. ही शक्ति वायां न दवडतां तिच्याकडूनच बंदूक पुन्हां भरून घ्यावी, असें ब्राउनिंग यांच्या मनांत आलें, व ते स्वयंचलित शस्त्रांकडे वळले. पिस्तुलासाठीं त्यांनीं मागें-पुढें सरकणारें पोलादी आवरण योजिलें. गोळी सुटतांच तें धक्क्यानें मागें जातें, रिकामें काडतूस बाहेर फेंकतें आणि स्प्रिंगच्या जोरानें परततांना मुठींतील पेटींतून नवें काडतूस नळींत ढकलतें. बेल्जममधील एर्स्ताल येथील एफ. एन. कारखान्यानें १९०० सालीं या रचनेचें पिस्तूल काढलें.

पुढें गरजेप्रमाणें रचना बदलत गेली. फिलिपाईन्समधील लढायांत हलक्या गोळीनें चालून येणारा शत्रु थांबत नाहीं, असा अमेरिकन सैन्यास अनुभव आला. म्हणून ब्राउनिंग यांनीं ४५ शतांश इंच व्यासाच्या गोळीचें पिस्तूल सिद्ध केलें. १९११ सालच्या परीक्षेंत त्यानें सहा हजार गोळ्या न अडखळतां उडविल्या, व त्याच सालीं सैन्यानें तें स्वीकारलें. पहिल्या महायुद्धानंतर, लहान हातासही तें नीट धरतां यावें म्हणून त्याचा चाप आंखूड केला व मुठीची मागील बाजू फुगीर केली. दुसऱ्या महायुद्धांत मागणी अफाट वाढली, तेव्हां टंकलेखन-यंत्रें करणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीनें तीं लाखोंनीं घडविलीं, शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीनेंही पांचशें करून दिलीं. निळ्या झिलईऐवजीं करडा लेप व अक्रोडाच्या लाकडाऐवजीं प्लॅस्टिक आलें. तथापि एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलांत बसावा, हा नियम ढळूं दिला नाहीं. वागळे इस्टेटींत अथवा डोंबिवलीस लेथवर काम केलेल्या पालकांस यांतील कौशल्य सांगावयास नको.

ता. २६ नोव्हेंबर १९२६ रोजीं एर्स्तालच्या कारखान्यांतच हृदयक्रिया बंद पडून ब्राउनिंग यांचा अंत झाला. त्यांचें अपुरें राहिलेलें काम द्यूदोने सेव्ह यांनीं पुरें केलें, व १३ गोळ्यांचें हाय-पॉवर पिस्तूल १९३५ सालीं प्रसिद्धीस आलें. १९४० सालीं जर्मनांनीं बेल्जम जिंकलें आणि तोच कारखाना त्यांच्या सैन्यासाठीं हें पिस्तूल घडवूं लागला. घाईमुळें त्याची सफाई उतरत गेली. तिकडे कॅनडांत टोरोंटोची इंग्लिस कंपनी हेंच पिस्तूल चीनसाठीं व दोस्तांसाठीं करीत होती. चीनसाठीं केलेल्या नमुन्यांत नेमाची मागील माशी दूरच्या पल्ल्यासाठीं वरखालीं करतां येई. एकाच मनुष्याची कल्पना अशा रीतीनें दोन्ही सैन्यांच्या हातीं पडली.

१९११ च्या पिस्तुलांत मूठ घट्ट धरल्यावांचून चाप दबत नाहीं. हातून पडल्यास अपघात होऊं नये, हा हेतु. ब्राउनिंग यांनीं इतकी काळजी वाहिली. परंतु मूठ धरणाऱ्याच्या मनांत काय आहे, हें ओळखणारी योजना त्यांसही करितां आली नाहीं. ता. २८ जून १९१४ रोजीं सारायेव्हो येथें ऑस्ट्रियाच्या युवराजावर ज्या पिस्तुलाच्या गोळ्या सुटल्या आणि महायुद्धाचा वणवा पेटला, तेंही त्यांच्याच रचनेचें होतें.

यंत्रविद्या शिकूं इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं ब्राउनिंग यांचा उद्योग, निरीक्षण व चिकाटी अवश्य उचलावी. मात्र आपण घडवीत असलेली वस्तु कोणाच्या हातीं व कशासाठीं जाणार, हा प्रश्न वस्तु कारखान्याबाहेर पडण्यापूर्वींच स्वतःस विचारावा. ती एकदां बाहेर पडली, म्हणजे कारागिराचा तिच्यावर अधिकार राहत नाहीं.