वाखरीहून निघताना

आजचं वाचन गीता, अध्याय १२, श्लोक १३. त्यातल्या निरहंकार या शब्दापाशी जरा थांबूया.

हैबतबाबा आरफळकर हे सातारा भागातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. हुकूम सोडायची सवय असलेला माणूस! ते सगळं सोडून आळंदीत माउलींच्या सेवेला राहिले. १९व्या शतकात माउलींच्या पालखी सोहळ्याला त्यांनीच शिस्त लावली. दिंड्यांचा क्रम, घोडे, भजनाचा नेम, अगदी फौजेसारखं.

तिची खरी परीक्षा आषाढ शुद्ध दशमीला, वाखरीहून निघताना. २०० हून जास्त किलोमीटर चालून पाय सुजलेत, पंढरी हाकेवर आलीय. पळत सुटावंसं वाटणारच ना? पण दिंडी सोडायची नाही. शेजारच्या आजींच्या चालीनंच चालायचं. पालख्यांतही तेच: बाकीच्या संतांच्या पालख्या पुढे जातात, ज्ञानोबांची सगळ्यांत शेवटी.

आणि बाबा स्वतः? आळंदीच्या महाद्वारात, पायरीशी त्यांची समाधी आहे. भक्तांची पायधूळ लागावी म्हणून त्यांनीच ती जागा मागितली, असं वारकरी सांगतात. कार्तिकी वारीत आळंदीचा सोहळा सुरू होतो तो या पायरीच्या पूजेनं. पुढच्या वेळी गेलात, तर दर्शनाच्या घाईत ती चुकवू नका.